कानबाईची यादी आणि फुकटची सिस्टीम

घरात एक जुना कॉम्प्युटर, एक जेठ आणि भिंतीला भिंत लावून भाऊबंदांची सात घरं असली, की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते मिरचीच्या पथारीसारखे अंगणातच पसरलेले असतात. एक उचलायला वाकलं की ठसका सगळ्या गल्लीला!

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यामुळे मला काही लिहून ठेवता येत नाही, आणि लिहून ठेवता येत नाही म्हणून विसरताही येत नाही. आता मी बोलते नि माझी मुलगी मंगल टाइप करते. माझी अहिराणी ती मराठीत सरळ करते. पण "कोण काय बोललं ते मात्र जसंच्या तसं ठेव," असं मी तिला बजावलंय.

तर हे आमच्या रनाळ्यातल्या घरातले किस्से. ज्या आषाढात आम्ही कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली, त्या आषाढातले आणि त्याला लागून आलेल्या श्रावणातले.

*

कॉम्प्युटर आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे जेठ, थोरले दीर. सोसायटीत क्लार्क होते. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि मधल्या घरात मांडला. ज्या दिवशी तो आला, त्या दिवशी आप्पांनी लक्ष्मीच्या पावलांच्या लाल स्टिकरचं अख्खं पाकीट आणलं. एक जोडी पडद्यावर, एक डब्यावर, एक प्रिंटरवर. शेवटची जोडी उरली ती एका सीडीवर. त्या सीडीत मराठी अक्षरं होती, दुकानदाराकडून वेगळी विकत घेतलेली. "इन्हामाच खरी लक्ष्मी शे!" असं म्हणून आप्पांनी त्या चकतीवर दोन पावलं डकवली.

त्या विकतच्या अक्षरांत आप्पांनी एकच गोष्ट टाइप केली, ती म्हणजे कानबाईच्या रोटाची यादी.

आमच्याकडं खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे गहू भाऊकीतल्या प्रत्येक माणसाच्या नावानं मोजायचे, सव्वा मूठ. नाव घेतलं की मूठ सुपात पडली पाहिजे, आणि एकदा पडलेली मूठ परत काढायची नाही. त्या गव्हाच्या पुरणपोळ्या नि खीर म्हणजे रोट, तो भाऊकीनंच खायचा. परक्या कुळाचा घास त्यात चालत नाही. लग्न होऊन गेलेली मुलगी परकी, तिचं नाव यादीतून जातं. आप्पा दरवर्षी यादी छापत, वाचत, मूठ टाकत. छापलेला कागद कानबाईच्या पाटाखाली ठेवत आणि तिच्याबरोबरच पाण्यात सोडून देत. यादी परक्याच्या दृष्टीस पडू द्यायची नाही, हाही नियमच.

माझी मंगल बारा वर्षांपूर्वी परत आली. जावयानं दुसरीकडं संसार मांडला होता. बारा वर्षं रोटाचं दळण तीच दळते, पुरण तीच वाटते, पोळ्या तीच लाटते. आणि भाऊकी जेवायला बसली की ती ओट्यावर जाऊन सकाळची भाकर खाते.

मी जेठांसमोर आजही दाराआडून, पदर घेऊनच बोलते. तरी दर श्रावणात दाराआडून म्हणायचे, "आप्पा, औंदा तरी मंगलनं नाव टाकी द्या."

आप्पा वाईट माणूस नाहीत. चष्मा पुसत म्हणायचे, "नियम मन्हा नही, यादीना शे. यादीमा नाव नही, मी काय करू?"

यादी कोणी टाइप केली होती हे विचारायची सोय नव्हती.

*

कॉम्प्युटर म्हातारा झाला. सकाळी आप्पा बटण दाबत, मग आंघोळ करत, पूजा करत, चहा घेत, तेव्हा कुठं पडद्यावर चित्र यायचं. एक दिवस पडद्यावर सूचना आली. तुमची सिस्टीम जुनी झाली, आता तिला आमच्याकडून काही मिळणार नाही, नवी घ्या, असं काहीतरी. आप्पांनी मंगलला बरोबर घेतलं आणि नंदुरबारचं दुकान गाठलं. डबा मांडीवर ठेवायला मी.

दुकानदारानं डब्यावरची धूळ पुसली. लक्ष्मीची पावलं पाहिली. म्हणाला, "काका, मशीन एकदम ओके आहे."

"मंग?"

"म्हणून तर प्रॉब्लेम आहे! नवी सिस्टीम याच्यावर चढणार नाही. मशीन फेका, नवीन घ्या."

मी आयुष्यात पुष्कळ दुकानदार पाहिले. पण वस्तू चांगली आहे म्हणून फेका, असं सांगणारा हा पहिलाच!

मंगल नंदुरबारच्या एका शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला आहे. ती म्हणाली, "आम्ही शाळेतल्या सगळ्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकली. यावरपण चालेल. फुकट मिळते."

'फुकट' ऐकल्यावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, "ताई, फुकटचं घेता, उद्या काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची?"

मंगल म्हणाली, "विकतची बिघडली तेव्हा कोणाची होती?"

दुकानदारानं लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. दुकानात पुढचं गिऱ्हाईक नव्हतं.

*

घरी आल्यावर ओट्यावर भाऊकीची बैठक बसली. आमच्याकडं बैल विकायचा असो की सिस्टीम बदलायची असो, सात घरं बसल्याशिवाय होत नाही. आप्पांचा मुलगा भटू, शेजारची सिंधूबाई, सगळे आले. ज्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता, त्यांचं मत सगळ्यात पक्कं होतं.

आप्पांनी एकच धरून ठेवलं, "फुकट कोन दी ऱ्हायना? आनि कसाले दी ऱ्हायना?"

मंगलनं समजावलं. ही एकट्या कंपनीची नाही. जगभरातल्या हजारो माणसांनी मिळून लिहिलीय. आत काय आहे ते उघडं ठेवलेलं असतं. ज्याला समजतं त्यानं बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, चार ओळी जोडाव्यात, पुढच्याला द्यावं.

"कोनीबी जोडस?" आप्पा दचकले. "म्हंजे मालकच नही? ज्याले मालक नही त्याले इचारनार कोन?"

मंगल म्हणाली, "आप्पा, कानबाईना गाना कोनी लिखात? मालक कोन शे त्यासना? दर साल कोनी ना कोनी एक कडवं जोडस. तरी तुमीन टाया वाजाडतसच ना?"

सिंधूबाईनं लगेच मान हलवली. गेल्या वर्षी एक कडवं तिनंच जोडलं होतं, त्यात तिच्या सुनेचं नाव न घेता तिची सगळी कामचुकारी होती.

आप्पा म्हणाले, "तरीबी! फुकटनं ते फुकटनं. मानूस फुकट मियेल गोष्टनी कदर करत नही."

मी दाराआडून ऐकत होते. पण आप्पा पंचक्रोशीतल्या एकाही पंगतीतून आजवर उपाशी उठलेले नाहीत, आणि प्रत्येक पंगतीची कदर त्यांनी तिसऱ्या लाडवापर्यंत केलेली मी पाहिली आहे.

*

शेवटी आप्पा एका अटीवर तयार झाले. आधी बघायची, मग ठेवायची.

मंगल म्हणाली, तसंही करता येतं. तिनं पेन ड्राइव्ह लावला. जुन्याला हात न लावता नवी सिस्टीम पेन ड्राइव्हवरूनच सुरू केली. पडद्यावर काळ्या पाठीचं, पांढऱ्या पोटाचं एक पाखरू आलं. सगळी भाऊकी वाकून बघायला लागली.

"हाई बदक कोनं?" भटूनं विचारलं.

"बदक नही रे," सिंधूबाई म्हणाली, "काया कोट घालेल शे. वकील दिसस!"

वकील म्हटल्यावर आप्पा सावरून बसले.

तीन दिवस नवी सिस्टीम पाहुणी म्हणून नांदली. आमच्याकडं मुलगी बघायला येतात तेव्हा तिला चालायला लावतात, सुई ओवायला लावतात. आप्पांनी पारख कशाची केली असेल? पत्त्यांच्या डावाची! तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पत्ते खेळले. चौथ्या दिवशी निकाल दिला, "सोयरीक पक्की."

आता जुनं पुसायचं. त्याआधी मंगलनं विचारलं, "आप्पा, काय काय जपून ठेवायचं?"

"यादी," आप्पा म्हणाले. "बाकी बठ्ठं गयं तरी चाली."

"उघडून बघू? नीट उतरली का ते कळेल."

"ना!" आप्पा एकदम ओरडले. "बंद फाइल उतार. यादी परकास्ले दखाडतस नही."

मंगलनं बंद फाइल पेन ड्राइव्हवर उतरवली. आप्पांनी तो पेन ड्राइव्ह हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. मग मंगलनं बटण दाबलं आणि जुनं सगळं पुसलं गेलं. आप्पांनी त्या वेळेपुरती मान भिंतीकडं फिरवली होती.

*

नव्या सिस्टीमचा पासवर्ड आप्पांनी स्वतः ठरवला. त्यांच्या जुन्या बैलाचं नाव आणि पुढं आकडे. "कोनाले सांगू नको," मंगलला बजावलं.

काही नवं घालायचं तर ती सिस्टीम काळ्या खिडकीत पासवर्ड मागते. आणि तिथं पासवर्ड टाइप केला तर काहीच दिसत नाही. ठिपका नाही, चांदणी नाही. तिचा तसा स्वभावच आहे. आप्पांना ते माहीत नव्हतं. त्यांनी अक्षरं दाबली, पडदा कोराच.

"मंगल! कीबोर्ड मरी गया!"

"नाही आप्पा, दिसत नाही, पण जातंय आत. दाबा तुम्ही."

दिसत नाही म्हटल्यावर कुठलं दाबलं, कुठलं राहिलं याचा हिशोब कसा राहणार? म्हणून आप्पा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून दाबायला लागले. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून अंमळ जास्तच मोठ्यानं. चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. परत चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. सगळी दुपार आप्पा बैलाला हाका मारत होते.

सहाव्या खेपेला भिंतीपलीकडून सिंधूबाईचा आवाज आला, "आप्पा, शेवटला सात ऱ्हायी जास तुमना!"

आप्पांनी सात दाबला. चाललं!

*

नवी सिस्टीम इतकी झटपट सुरू व्हायची, की आप्पांची आंघोळ राहायला लागली. पूर्वी बटण दाबून ते न्हाणीत जात. आता टॉवेल खांद्यावर घेईपर्यंत चित्र तयार! मग बसले की बसले. चार दिवसांनी माझ्या जेठाणीनं मंगलला विचारलं, "माय, हिले जराशी हयू करता येस का?" हयू म्हणजे हळू.

प्रिंटरचं तर वेगळंच. जुन्या सिस्टीमवर प्रिंटर रुसला की भटू दोन दिवस घाम गाळायचा. नव्या सिस्टीमनं वायर लावल्याबरोबर त्याला ओळखलं, कागदही काढून दाखवला. आप्पांनी तो कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"इतलं सोपं?" म्हणाले. "यामा काहीतरी खोट शे."

खोट दहा दिवसांनी सापडली.

*

श्रावण लागला. कानबाई जवळ आली. आप्पांनी आंघोळ केली (त्या दिवशी केली), सोवळं नेसले, देव्हाऱ्यातला पेन ड्राइव्ह काढला, मंगलला बाहेर घालवलं आणि यादी उघडली.

मधल्या घरातून जी हाक आली, ती ऐकून मला वाटलं, गोठ्यात साप निघाला!

पडद्यावर अक्षरंच नव्हती. मुंगळे होते, आकडे होते, उलटेसुलटे खुंट होते, कोंबडीनं राखेत पाय ओढावेत तसं. वरपासून खालपर्यंत सगळी भाऊकी अशी वेडीवाकडी होऊन पडली होती.

"मंगलनी यादी खाई टाकी!" आप्पा ओरडले. "मुद्दाम करं! तिन्हं नाव नही म्हनीसन!"

सात घरं गोळा झाली. मंगल ओट्यावर उभी, हाताला पीठ. बारा वर्षं ती या घरात खाली मान घालून राहिली, आता चोर ठरून राहायची वेळ आली होती.

तिनं आत येऊन पडदा पाहिला. शांतपणे म्हणाली, "यादी कुठं गेली नाही आप्पा. सगळी नावं आहेत. तुम्ही ती विकतच्या अक्षरांत टाइप केली होती. ती अक्षरं जुन्या सिस्टीमबरोबर पुसली गेली. ती परत घातली की यादी दिसेल."

"मंग ती बी उतारी लेवानी व्हती!"

"मी फाइल उघडून बघू का विचारलं होतं. तुम्ही परक्याला दाखवत नाही म्हणालात."

ओट्यावर सिंधूबाईला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"नेटवर मियतीन ना अक्षरं?" भटूनं विचारलं.

"नाही. ती बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले. मालक गेला, कुलूप राहिलं. आता ती सीडीच पाहिजे, लक्ष्मीच्या पावलांची."

सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा सोवळ्यात होते, तरी त्यांना घाम फुटला.

*

सीडी कुठं होती ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिथूनच तर रोज जाणं-येणं!

मागच्या साली आप्पांची बाजरी भरात आली आणि पाखरं तुटून पडली. आप्पांना कोणीतरी सांगितलं, चमकणाऱ्या चकत्या टांगा, पाखरं भितात. आप्पांनी कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सीडी काढल्या, दोरीत ओवल्या आणि बांधावरच्या बांबूंना टांगल्या. भटूच्या लग्नाची सीडीसुद्धा! पाखरं काही भ्यायली नाहीत. वर्षभर त्या चकत्या तिथंच गरगरत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा, भटू आणि अर्धी भाऊकी बांधावर. मी गेले नाही. मी तांदुळजा खुडायला आदल्याच संध्याकाळी जाऊन आले होते.

एकेक चकती उतरवली, पुसली, उलटी केली. कुठं ऊन लागून चिरा गेलेल्या, कुठं कावळ्यांनी शिटलेलं. भटूच्या लग्नाची सीडी सापडली, ती पाहून भटूच्या बायकोनं आठ दिवस सासऱ्याशी बोलणं टाकलं. पण लक्ष्मीच्या पावलांची काही सापडेना. एका बांबूला नुसती दोरी लोंबत होती.

आप्पांनी ती दोरी हातात घेतली म्हणे. मग म्हणाले, "पाखरंच ली गयात."

पाखरं भ्यायची सोडून सीडी घेऊन गेली, हे आप्पांनी पटवून घेतलं. बाकी काही पटवून घेण्यापेक्षा ते सोपं होतं.

*

कानबाईला चार दिवस राहिले. गहू मोजल्याशिवाय दळण नाही, दळण नाही तर रोट नाही. आणि यादी नाही म्हणून कानबाई बसवली नाही, असं आमच्या भाऊकीत कधी झालेलं नाही.

शेवटी भटूच म्हणाला, "काकूले इचारा ना! काकूले बठ्ठं पाठ शे."

खरंच होतं ते. आप्पा दरवर्षी यादी मोठ्यानं वाचत आणि मी दाराआड उभी राहून ऐकत असे. शिकलेल्या माणसाची यादी कपाटात असते, माझी कानात. कोणाच्या मागं कोण, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची मुलगी गेल्या वैशाखात उजवली, सगळं.

आप्पांना दुसरा इलाज नव्हता. शुक्रवारी सकाळी मधल्या घरात सात घरं जमली. मध्ये सूप, शेजारी गव्हाची पाटी, पाटावर आप्पा. कॉम्प्युटरपाशी मंगल, कारण नवी यादी टाइप कोण करणार? परकीला यादी दाखवायची नाही, हा नियम त्या दिवशी कोणालाच आठवला नाही. मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराआड. चुलाण्यावरून दूध नुकतंच उतरवून ठेवलं होतं.

मी नाव घ्यायचं, आप्पांनी मूठ टाकायची, वर पाव मूठ, मंगलनं टाइप करायचं.

सुरुवातीला मी सावकाश घेतलं. थोरल्या घरापासून. नाव, मूठ, पाव मूठ, टकटक. पहिलं घर झालं, दुसरं झालं. आप्पा मान डोलवायला लागले. "बराबर, बराबर." एकही नाव मागं-पुढं नाही. तिसऱ्या घरात गेल्या महिन्यात झालेलं बाळसुद्धा मी सोडलं नाही. त्याच्या आजीनं डोळ्याला पदर लावला.

चौथ्या घरापासून मी चाल वाढवली. आप्पांचा हातही वाढला. नाव, मूठ, पाव. नाव, मूठ, पाव. जात्याला लय लागते तशी लय लागली. पाचवं घर. सहावं घर. सातवं घर आमचं. आप्पा, मूठ. जेठाणी, मूठ. भटू, मूठ. भटूची बायको, मूठ. माझं नाव, मूठ, पाव.

"मंगल."

मूठ पडली.

टकटक थांबली. सुपातला शेवटचा गहू घरंगळल्याचं ऐकू आलं.

आप्पा स्वतःच्या हाताकडं बघत होते, जसा तो दुसऱ्याच कोणाचा आहे. पाव मूठ अजून हातात होती.

"हाई नाव यादीमा नव्हतं," आप्पा म्हणाले.

मी पदर सारखा केला. जेठांशी थेट बोलायची आमच्यात रीत नाही. म्हणून म्हटलं, "मंगल, आप्पास्ले सांग. नियम त्यासना नही, यादीना शे. यादीमा नव्हतं ते यादी दखाडा म्हना."

मंगलनं फक्त जुनी फाइल उघडली. पडद्यावर मुंगळे आले. आप्पांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मुंगळे तसेच.

"आप्पा," भटू हळूच म्हणाला, "काकूनं एक नाव खोटं म्हनशात, ते मंग बठ्ठी यादीच खोटी. पह्यलेपाईन मोजनं पडी. कोन सांगी नावं?"

"आनि पडेल मूठ काढतस नही!" दारातून सिंधूबाईनं सांगितलं.

लक्ष्मीच्या पावलांवरून, पडद्यावरून, मंगलच्या पाठीवरून आप्पांची नजर फिरली. मग त्यांनी हात सुपावर नेला. पाव मूठ एकदम टाकली नाही, बोटं हळूहळू सैल केली. गहू एकेक करत पडले.

"टाइप कर," म्हणाले.

टकटक. तिच्याच नावाची. जरा वेळ लागला, डोळे पुसून करावी लागली म्हणून.

मग सगळे एकदम बोलायला लागले. जेठाणी म्हणाली, आता चहा तर ठेव! आप्पा पाय मोकळे करायला उठले आणि चहाच्या वासानं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. आत पाऊल न टाकता नुसते उभे राहिले. त्यांची नजर दुधाच्या लोट्यावर गेली. लोट्यावर एक गोल, चमकणारी चकती झाकण म्हणून ठेवलेली होती. मध्ये छेद. वर दोन लहान लाल पावलं.

आप्पांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"हाई झाकन... कथानं शे?"

कुठलं ते सांगायच्या ऐवजी मी पदर आणखी पुढं ओढला.

"मंगल, आप्पास्ले सांग. झाकन लई गुनी शे. मांजर तोंड घालत नही, नि मधला छेदमाईन वाफ बी निंघी जास."